पडद्याच्या पुढची जागा

२२ जून

ऊस तोडणाऱ्या माझ्या बहिणींनो! वीस-वीस वर्षं तुम्ही ऊस तोडलात, मोळ्या बांधल्यात, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवल्यात. तरी एकाही कागदावर तुमचं नाव नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता! हंगामाआधीची उचल नवऱ्याच्या हातात, अंगठा नवऱ्याचा, खातं नवऱ्याचं. ज्या देशात बैलालासुद्धा कानात नंबर आहे, त्या देशात तुम्हाला साधी एक ओळ नाही.

हे भाषणाचं तोंड आज सुचलं. उतरवून ठेवतो.

कारण असं की पुण्याहून दिपाली मॅडमचा फोन आला. त्यांची संस्था परदेशी पैशावर चालते, पण माणसं बरी आहेत. आपल्याकडची साखर ज्या शीतपेयांत आणि बिस्किटांत जाते, त्या कंपन्यांचे लोक सप्टेंबरात लंडनला एकत्र बसणार आहेत. साखर कोणत्या अटींवर घ्यायची ते तिथं ठरेल. त्यात ऊसतोड कामगारांना दहा मिनिटं मिळाली आहेत. "स्वतः ऊस तोडणारी बाई हवी, सर. आणि सोबत तुम्ही."

मी ताबडतोब कडूबाईचं नाव दिलं. आमच्या खर्डा गावाच्या बाजूला वस्तीवर राहते. मागच्या वर्षी जामखेडच्या मेळाव्यात मी चाळीस मिनिटं बोललो होतो. चांगला बोललो होतो. मी बसल्यावर ही उठली आणि म्हणाली, "मी तोडलेल्या उसाचा पैसा माज्या नावावर टाका. बाकी काय न्हाई." आणि खाली बसली. माझ्या भाषणाला बायांनी टाळ्या दिल्या होत्या. तिचं ऐकून काहींनी पदर डोळ्याला लावला.

ती एक अट लंडनच्या कागदावर आली तर कारखान्यांना पाळावी लागेल. सरकारचं ते ऐकत नाहीत, गिऱ्हाइकाचं ऐकतात.

३ जुलै

लंडनच्या नोंदणीचा फॉर्म भरला. प्रत्येकाचा व्यवसाय आणि स्वतःचं वार्षिक उत्पन्न, पुराव्यासह. माझं निवृत्तिवेतन आहे, बँकेचं पुस्तक आहे. कडूबाईचं काय लिहायचं? कागदोपत्री तिचं उत्पन्न शून्य. बावीस हंगाम, आणि शून्य.

तलाठ्याकडे गेलो. म्हणाला, "दाखला कुटुंबप्रमुखाच्या नावानं निघतो, सर. अंगदच्या नावानं आज देतो." अंगद म्हणजे तिचा नवरा. तिचा वेगळा हवा तर प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, तहसीलला दोन-तीन खेपा. पंधरा दिवस धरा म्हणाला. या पंधरवड्यात माझ्या पाथर्डीला, शेवगावला आणि मिरजगावला सभा आहेत. बाया माझी वाट बघतात.

दिपाली मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, उत्पन्नाचा पुरावा नसेल तर तिला 'सोबती' म्हणून दाखवता येईल. खर्चाची हमी संस्था घेईल, व्हिसाही सोपा जाईल. मग तसंच केलं. वक्ता: यशया साळवे. सोबती: कडूबाई.

"पण बोलायला त्याच उठतील ना?" मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, अर्थात. आधी मी विषय मांडीन आणि शेवटी तिला उभी करीन. घाव शेवटी घालायचा असतो.

२१ ऑगस्ट

तिकिटं आली. माझी जागा दुसऱ्या रांगेत, तिची एकेचाळिसाव्या.

मला वाटलं चूक झाली. फोन केला. चूक नव्हती. आठ तासांहून लांबचा प्रवास असला तर वक्त्याला पुढच्या वर्गाचं तिकीट आणि सोबत्याला मागचं, असा संस्थेचा नियम आहे. माझ्या तिकिटाची किंमत विचारली. नऊ तास पाय पसरून बसण्यासाठी जितके पैसे पडतात, तितक्यात अंगद आणि कडूबाई ही जोडी दोन हंगाम राबते. थंडीत, चिखलात, पहाटेपासून.

मी संतापलो. लगेच निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. चार पानं झाली. जमिनीवर माणसं वेगळी बसवायला जातीची उतरंड होती, आकाशात पडदा आहे, असं एक वाक्य त्यात साधलं आहे. पत्र अजून पाठवलेलं नाही. शेवट थोडा धारदार करायचा आहे.

माझी बायको हेलन भाकरी थापत होती. तिला पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, "एवढं लिहिण्यापेक्षा मॅडमला सांगा ना, की माझं तिकीट तिला आणि तिचं मला."

"नियम बदलला पाहिजे, हेलन. एका खुर्चीचा प्रश्न नाही."

"बसणारीला खुर्चीचाच प्रश्न असतो," ती म्हणाली आणि तव्याकडे वळली.

५ सप्टेंबर

वस्तीवर गेलो होतो. कडूबाई उभ्यानंच चहा पीत होती. बसा म्हटलं तर हसली.

"मला बसवत न्हाई, सर. उभं ऱ्हा म्हना, दिवसभर ऱ्हाते. आडवं व्हा म्हना, व्हते. ह्ये मधलं बसनंच जमत न्हाई."

अठ्ठाविसाव्या वर्षी तिची गर्भपिशवी काढली. हंगामात खाडा नको म्हणून. तेव्हापासून कंबर धरते. तासभर बसली की डावा पाय बधिर होतो. जामखेडच्या डॉक्टरांनी पट्टा दिला आहे आणि लांबचा प्रवास आडवं होऊनच करा म्हणून सांगितलं आहे.

अंगद बाजेवर होता. म्हणाला, "इमानात टपावर जागा असती का, सर? हिला टपावर टाका. टरकात लई निवांत झोपती ती."

"तू गप," कडूबाई म्हणाली. "सर, मी काय बोलायचं ते एकदा म्हनून दाखवू?"

तिनं म्हणून दाखवलं. जामखेडला बोलली होती तेच. अर्धा मिनिटही लागलं नाही. मी म्हटलं, थोडं वाढवू या, तुमच्या कष्टाचं वर्णन घालू.

"कष्टाचं तुमी सांगा. तुमाला येतं त्ये. मला पैशाचं सांगायचंय."

निषेधाचं पत्र आता पाठवून उपयोग नाही, वेळ गेली. परत आल्यावर लेखाच्या रूपानं छापायला देईन.

१४ सप्टेंबर, विमानात

दुपारी निघालो. दारातच वाटा फुटल्या: मी डावीकडे, ती उजवीकडे. तिनं मला हात केला, एस. टी. सुटताना करतात तसा.

खुर्ची म्हणजे एक लहानशी खोलीच आहे. कळ दाबली की पाय वर येतात, पाठ खाली जाते, सपाट गादी होते. गरम टॉवेल दिला. मागच्या वर्गाच्या आणि आमच्या मध्ये एक निळा पडदा ओढला.

मी उठून हवाई सुंदरीला सांगितलं की मागे एक बाई आहे, तिला बसवत नाही. ती मराठी निघाली, डोंबिवलीची. अदबीनं म्हणाली, "वर्ग बदलून देता येत नाही, सर. पण तुम्ही दोघं एकत्रच आहात, तुमची खुशी असेल तर जागा आपसांत बदला. मी बघून घेते. फक्त तुम्हाला मागं जावं लागेल."

मी म्हटलं, जातो. तेवढं भाषण एकदा वाचून होऊ दे. मागे उजेड आणि जागा कमी असणार.

शेजारी एक साखरेचे व्यापारी होते. कोल्हापूरकडचे, बोलायला दिलखुलास. त्याच बैठकीला निघालेले. मी त्यांना विचारलं, एवढं महाग तिकीट परवडतं कसं?

ते मोठ्यानं हसले. "परवडायचं काय त्यात? पंधरा वर्षं झाली, स्वतःच्या खिशातून एक रुपया दिला नाही. कंपनी देते. मला सांगा, तुमचं कोणी काढलं?"

"संस्थेनं."

"बघा! इथं पुढं बसलेल्यांत पदरचे घालून आलेला एखादाच असेल. पदरचे घालतात ते मागं."

मोठं सत्य हा माणूस सहज बोलून गेला. पगार वाढेल तसं माणसाला हातातून देणं कमी लागतं. ज्याला सगळं परवडतं त्याला सगळं दुसराच कोणी पुरवतो: गाडी, जेवण, आकाशातली गादी. आणि कडूबाई कोयता स्वतः घेते, दोर स्वतः घेते, राहायच्या कोपीवरचा प्लास्टिकचा कागद स्वतः घेते, मुकादमाचं कमिशन स्वतःच्या घामातून देते. हे भाषणात आलंच पाहिजे. लगेच लिहायला घेतलं. मग जेवण आलं. ताटल्या चिनी मातीच्या.

(नंतर) झोप लागली. वीस मिनिटं पडतो म्हणून खुर्ची सपाट केली होती. जाग आली तेव्हा उतरायला दोन तास उरले होते. खिडकीबाहेर अजून ऊन होतं.

पडद्यामागे गेलो. माणसं दाटीवाटीनं बसली होती. एकेचाळिसाव्या रांगेत कडूबाई नव्हती. अगदी मागे, संडासाच्या दारापाशी, भिंतीला दोन्ही तळवे लावून उभी होती. डावा पाय अधांतरी. शेजारच्या बाईनं सांगितलं, त्या बऱ्याच वेळच्या उभ्या आहेत, हादरे बसले की त्यांना सक्तीनं बसवतात, पुन्हा उठतात.

मला बघून म्हणाली, "झोप झाली का, सर? बरं झालं. तुमाला बोलायचंय उद्या."

मी म्हटलं, चला पुढे, आपण जागा बदलू.

"आता?" ती म्हणाली. "आता ह्या पायानं तितवर चालवत न्हाई."

१५ सप्टेंबर, लंडन

कडूबाई उठू शकली नाही. विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून आणली, हॉटेलात फरशीवर चादर टाकून झोपवली. आधीच इथं आलेल्या दिपाली मॅडमनी सकाळी तिला काखेत धरून उभं करून पाहिलं. पाय टेकताच ती ओरडली. तिला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मला खुर्चीसकट न्या," ती म्हणत होती. पण बसताच येईना तर खुर्चीचा काय उपयोग? डॉक्टर आला, सुई टोचली, हलवू नका म्हणाला.

निघताना तिनं माझा हात धरला. "सर, बाकी काय न्हाई बोललात तरी चालंल. येवढं एक सांगा. पैसं माज्या नावावर. बाईचा पैसा बाईच्या नावावर."

मी शब्द दिला.

सभागृहात दोनशे माणसं. मी इंग्रजीत बोललो. मला स्वतःला वाटतं की इतका चांगला मी आजवर बोललो नव्हतो. दुष्काळापासून सुरुवात केली, रिकाम्या होणाऱ्या गावांचं वर्णन केलं, गुलामांच्या जहाजांपासून साखरेचा इतिहास मांडला. विमानातला पडदाही आणला. तिथं लोक खुर्चीत पुढे सरकले. एक बाई डोळे पुसत होती. आता शेवटाकडे वळायचं, कडूबाईचं नाव घ्यायचं, क्षणभर थांबायचं आणि तिचं वाक्य तिच्याच मराठीत उच्चारायचं, असं मनात जुळवलं होतं.

तेवढ्यात घंटा झाली. अध्यक्षबाईंनी हसून, हात जोडून आभार मानले. माझा ध्वनिक्षेपक बंद झाला. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. त्या टाळ्यांत मी ते वाक्य म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत तीन-चार कंपन्यांच्या लोकांना गाठून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी माझं कार्ड मागितलं.

संध्याकाळी हॉटेलवर आलो. तिनं फरशीवरूनच विचारलं, "सांगितलं का?"

मी म्हटलं, सांगितलं.

"काय म्हनले?"

"उभं राहून टाळ्या वाजवल्या."

ती डोळे मिटून कितीतरी वेळ हसत होती.

१८ सप्टेंबर

परतीच्या विमानात चढायच्या आधीच मी माझी जागा तिला दिली. मी एकेचाळिसाव्या रांगेत, दोन जाडजूड माणसांच्या मध्ये. गुडघे पुढच्या पाठीला टेकतात. तिसऱ्या तासाला माझीही कंबर बोलू लागली, आणि माझी पाठ तर आयुष्यभर खुर्चीत आणि व्यासपीठावर वाढलेली. भाषण वाचायला उजेड कमी असतो हे खोटं आहे. डोक्यावर दिवा असतो.

मुंबईला उतरलो. कडूबाई दारात उभी होती, स्वतःच्या दोन पायांवर. पिशवी तिच्याच खांद्याला.

"लई ब्येस जागा, सर. येवढ्यात आमची आख्खी कोप बसंल. पाय सोडून झोपले. तिथली पोरगी दोनदा पांघरून नीट करून गेली." थोडं चालल्यावर म्हणाली, "जाताना मिळाली असती तर बोलले असते मी."

रागानं म्हणाली नाही. पावसाबद्दल बोलावं तशी म्हणाली. गाडीत आमच्या नगरकडचं कर्जत येईपर्यंत मी तिच्याकडे पाहिलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

देवळातून उपासना आटोपून आल्यावर हेलननं विचारलं, "जाताना तुम्ही जागा बदलली होती का?"

मी म्हटलं, बदलणार होतो.

तिनं जेवायला वाढलं.

९ ऑक्टोबर

लंडनचा ठराव आला. अकरा पानं. पाणी, सावली, मुलांची शाळा, आणि 'स्त्री कामगारांच्या हातांच्या सुरक्षेसाठी हातमोजे'. तीनदा वाचला. बाईचा पैसा बाईच्या नावावर, हे कुठेच नाही. पहिल्याच पानावर माझ्या भाषणातलं पडद्याचं वाक्य चौकटीत छापलं आहे.

सोबत पुढच्या वर्षीच्या नोंदणीचा फॉर्म होता. मुदत आजचीच, म्हणून वक्त्याच्या रकान्यात माझं नाव भरून पाठवून दिला. सोबत्याचा रकाना मोकळा ठेवला आहे. ते नंतर बघता येईल.

कडूबाईला ठरावाचं अजून सांगितलेलं नाही.

२९ ऑक्टोबर

वस्तीवर ट्रक लागले. भागवत मुकादम ट्रकच्या फाळक्यावर वही ठेवून कारखान्याची यादी भरत होता. एक नाव, एक अंगठा, की त्यामागे दोन माणसं वर चढायची. पत्रे, चुली, कोंबड्यांची डालगी, म्हाताऱ्या, लेकरं. आणि प्रत्येक अंगठ्यामागे हातमोज्यांचा एक जोड. लंडनच्या ठरावातून आलेले. पुरुषी मापाचे.

मी म्हटलं, हे बायांसाठी आहेत. प्रत्येकीला एक जोड असं ठरावात आहे.

"सर, वरून कोयत्यामागं एक आलाय," भागवत म्हणाला. "कोयता एक, जोड एक. मी काय माज्या घरनं घालू?"

अंगदनं जोड हातात चढवून पाहिला आणि म्हणाला, "मला बरोबर बसतोय की! लंडनवाल्यांनी माजंच माप न्हेलं." आजूबाजूचे हसले.

कडूबाई हसली नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, कागद आला का तिकडचा?"

"आला."

"माजं त्यात हाय का?"

मी बोलायला सुरुवात केली. म्हटलं, हा लढा लांबचा आहे, मोठी माणसं एका दिवसात बदलत नाहीत, आपण बी पेरलं आहे...

"सांगितलंत का न्हाई, येवढंच बोला."

मी फाळक्यावरच्या वहीकडे बघू लागलो.

तिनं मान हलवली. मग अंगदनं अंगठा दिला, भागवतनं शाई पुढच्याकडे सरकवली, आणि कडूबाई चाकावर पाय देऊन वर चढली. सामानाच्या ढिगावर तिनं पाठ टेकली आणि पाय सोडले.

मला राहवलं नाही. मी तिथंच उभा राहून बोललो. उतरा म्हणालो, चढू नका म्हणालो, तुमच्या घामाचा मालक कोण म्हणून विचारलं. गळ्याच्या शिरा ताणून बोललो. बाया वरून ऐकत होत्या, कीर्तन ऐकावं तशा. एकीनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"सर," कडूबाई वरून म्हणाली, "जरा बाजूला व्हा. गाडी मागं घ्यायचीय."

मी बाजूला झालो.

३० ऑक्टोबर

वस्ती रिकामी. दारांना काट्या लावलेल्या. कुत्री तेवढी आहेत.

पलीकडच्या वाडीची गाडी उद्या सकाळी भागवतच भरणार आहे. तिथं बावीस कोयते आहेत, म्हणजे बावीस बाया ज्यांची नावं कुठेच नाहीत. उचल घेऊन खर्चून झाली आहे, त्यामुळे उद्या कोणी ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे. एखादीनं ऐकलंच तर मुकादम तिला खालीच ठेवील आणि तिच्या जागी दुसरी चढेल. चाळीस वर्षांच्या बोलण्यातून मी एवढंच शिकलो. तरी जाणार आहे. दुष्काळ नको, इतिहास नको, पडदा नको. घंटा होण्याच्या आधी, 'बहिणींनो' म्हणण्याच्याही आधी एवढंच सांगायचं आहे:

भागवत मुकादम वही उघडील तेव्हा नवऱ्याच्या अंगठ्याखाली तुमच्या नावाची वेगळी ओळ आणि तुमचा वेगळा अंगठा मागा. ती ओळ तुमच्या डोळ्यांदेखत लिहिली जाईपर्यंत ट्रकच्या चाकावर पाय ठेवू नका.